सात वितींचा खांब

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे. त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा नव्हती. नंतर लिहायचं म्हणजे बचत गटात सही करायची, तेवढंच. ही वही मंगलची आहे. तिची पुढची पानं भूगोलाची आहेत, मागची कोरी होती. वाचणारं कोणी नाही, तरी माफी मागितलेली बरी.

जाऊन आले तेव्हा विहिरीवर बायकांनी विचारलं, "काय काय बघितलंस गं?" मी म्हटलं, "बरं हाय तिकडं." एवढंच तोंडातून निघालं. माझं नेहमी असंच होतं. बोलायचं असतं ते सगळं आत राहतं आणि बाहेर दोन शब्द येतात. आत राहिलेलं आता इथं लिहिते.

आमची वाडी आहुप्याच्या अलीकडे, कड्याच्या काठाला. आहुप्याची देवराई मोठी, ती बघायला बाहेरची माणसं येतात. आमची राई लहान आहे. दुपारीसुद्धा आत संध्याकाळ असते. तिथलं वाळकं लाकूडही कोणी चुलीला नेत नाही. मार्गशीर्षात भात झोडून झाला की सगळी वाडी राईत जेवायला जमते. शेंदूर लावलेल्या धोंड्यांचं एक रिंगण आहे, त्याच्या आत प्रत्येक घर आपली चूल मांडतं. आमच्या घराची चूल तेवढी रिंगणाच्या बाहेर.

त्याचं कारण जुनं आहे. मालकांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, आजोबा राईचे राखणदार होते. घरात मोठं दुखणं आलं, औषधाला पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी जुन्नरच्या एका कोठीला राईतलं झाड विकलं. आमच्याकडे नेम असा, की खोडाच्या घेराला जितक्या विती भरतील तितके मण भात देवाला द्यायचं. आजेसासरे म्हणाले, झाड सात वितींचं होतं. गावातली जुनी माणसं म्हणाली, चौदा वितींचं. मागं राहिलेला खुंट तर जाळलेला, मापणार कुठं? सात मण माझ्या सासऱ्यांनी फेडले, मणामागे देवाच्या धोंड्यावर शेंदराची एक रेघ. उरलेल्या सातांवरून तीन पिढ्या भांडण चाललं, आणि सगळं फिटेपर्यंत चूल बाहेर.

लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात मी एकटी त्या बाहेरच्या चुलीपाशी बसले होते. आत बायका हसत होत्या, एकमेकींच्या टोपात डोकावत होत्या. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं सासूला वाटलं. सासू म्हणाली, "सवय व्हईल." तिचं आयुष्य त्या सवयीतच गेलं.

मंगल माझी मुलगी. जुन्नरजवळ तुळजालेणीच्या डोंगराखाली एक जुनी दगडी कोठी आहे, तिचं आता मोठं हॉटेल झालंय. मंगल तिथं कामाला आहे; मी गेले तेव्हा तिला पाच वर्षं झाली होती. एकदा तिनं मोबाइलमध्ये जेवणघराचा फोटो दाखवला. मधे एक गोल काळा खांब. ती म्हणाली, "हा आपल्या डोंगरातनं आणलाय, असं पावण्यांना सांगत्यात." मालकांनी फोटो बघितला आणि भाकरी ताटात तशीच ठेवून उठले.

गोष्ट धावजीबुवांकडे गेली. ते आमच्या राईतल्या देवाचे पुजारी. ते म्हणाले, "खांब उभा हाय ना? मग मापून या. हात घरचा, डोळा गावाचा." म्हणजे वीत आमच्या घरच्या माणसानं टाकायची आणि गावाच्या माणसानं ती बघायची. नेमच तसा आहे.

त्याच सुमाराला मंगलच्या हॉटेलात मालकीणबाईंनी एक पद्धत काढली होती. ज्याला पाच वर्षं झाली त्याच्या घरच्या दोन माणसांनी दोन रात्री पाहुणे म्हणून राहायचं, फुकट. मी मालकांना म्हटलं, तुम्ही जा. ते म्हणाले, "म्या वीत टाकली तर म्हणतील, बोटं लई ताणली. तू जा. तुजा हात कुणाच्या ध्यानात बी येत न्हाई."

गावाचा डोळा म्हणून चिमाआत्याला नेमलं. ती धावजीबुवांची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू. मालक म्हणाले, "गावानं डोळा दिला, तोबी आंधळा." चिमाआत्यानं ते ऐकलं आणि म्हणाली, "तुजं खोटं दिसायला अर्धाच पुरं हाय."

वाटेत

श्रावण होता. लावणी उरकलेली. सकाळच्या एस्टीला धुकं इतकं होतं की गाडी चालतेय की थांबली आहे ते कळत नव्हतं. धुक्यातून एखादं झाड खिडकीशी येई, बघे, आणि मागे जाई. मला वाटलं आम्ही बसून आहोत आणि डोंगरच घोडेगावला निघालाय.

डिंभ्याच्या धरणाचं पाणी लागलं तेव्हा धुकं उचललं. चिमाआत्या झोपली होती, ती कुणी न उठवता जागी झाली. काचेला बोट लावून म्हणाली, "हितं वळणावर आमचा आंबा व्हता. शाकरी."

तिचं सासर त्या पाण्याखाली आहे. मी पाण्याकडे बघितलं. मला वाटलं खाली अजून आंब्याला आंबे येत असतील आणि मासे ते खात असतील. तिला म्हटलं नाही. ती पुढच्या वळणाला पुन्हा झोपली.

घोडेगावला चहा घेतला, तिथून जुन्नर. जुन्नरला मंगल हॉटेलची गाडी घेऊन आली होती. निळा कोट, केस बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. मी तिला आधी ओळखलंच नाही. तिनं माझी पिशवी घेतली तेव्हा पिशवी धरायच्या पद्धतीवरून ओळखलं.

कोठी

कोठी काळ्या दगडाची. नाणेघाटातून कोकणातला माल वर येई त्या काळातल्या व्यापाऱ्याची, असं म्हणतात. दार एवढं मोठं की गवताचा भारा घेऊन वाकावं लागणार नाही. आत चौक, चौकात हौद, हौदात आभाळ. आणि वर बघावं तर समोरच्या डोंगरात लेण्यांची तोंडं, मातीच्या भिंतीत पाखरांनी घरं केल्यासारखी.

दारात एका मुलीनं कोकमाचं सरबत दिलं. आमच्याकडे आधी पाय धुवायला पाणी देतात, मग गूळ. इथं पाय कोणी विचारले नाहीत. मग ती कुंकवाची वाटी घेऊन आली. मला लावलं. चिमाआत्यापुढे गेली तशी मी घाबरले, कारण आत्याला विधवा होऊन चाळीस वर्षं झालीत. आत्या एक पाऊल मागे सरली. त्या मुलीला काही कळेना, ती बोट तसंच धरून उभी. आत्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कपाळ पुढे केलं.

"लाव गं. हितं मला कोण वळखतंय."

दोन्ही दिवस ती मधून मधून आरशात बघत होती. वाडीत मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

आमची खोली मोठी. पूर्वी जेवणघर आणि ही खोली मिळून एकच दिवाणखाना होता, मधे भिंत घालून खोल्या केल्या, असं मंगल म्हणाली. कपाटाशेजारी भिंत पोटुशी बाईसारखी पुढे आली होती, पांढरी गुळगुळीत. मी तिला पिशवी टेकून ठेवली. पलंग इतका मऊ की बसले आणि खाली खाली जात राहिले. आत्यानं गादीला बोटानं टोचलं आणि आपलं घोंगडं जमिनीवर अंथरलं. "मेल्यावर जायचंच हाय ढगात, आता कशाला घाई."

पलंगावर टॉवेलाची दोन पाखरं बसवलेली होती. मान वाकवून, चोचीला चोच लावून. पंचे दुसरे दिसेनात. आत्या म्हणाली, "मोडू नगं, कुणीतरी लई कष्टानं बसिवल्यात." आम्ही आंघोळ करून आपापल्या लुगड्यांना अंग पुसलं आणि ओले पदर खिडकीत वाळत घातले. आंघोळीचं तर सांगायलाच नको. एक खिटी फिरवली तर पाणी वरून आलं, दुसरी फिरवली तर भिंतीतून, आणि बंद करायची तिसरीच होती.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. मंगल होती, हातात चादरींची चळत. बाहेर तिचे साहेब उभे होते म्हणून ती मला म्हणाली, "मॅडम, खोली ठीक आहे ना?" साहेब गेल्यावर तिनं दार लोटलं आणि पाखरांकडे बघितलं.

"आये, टॉवेल मोडला का न्हाई? मग अंग कशानं पुसलं?"

"ही तू केलीस?"

"रोज चाळीस करती."

पाच वर्षं ती काय काम करते ते मला नीट माहीत नव्हतं. फरशी पुसत असेल असं वाटायचं. मी एक पाखरू उचलून बघितलं. कुठं गाठ नाही, टाचणी नाही, नुसती घडी.

जेवणघर

रात्री जेवायला गेलो आणि मी खांब बघितला. सगळ्या टेबलांच्या मधे उभा होता. फक्त साल काढलेली, बाकी झाड होतं तसंच गोल. फोटोत काळा दिसलेला, दिव्यांच्या उजेडात तो मधासारखा दिसत होता. खोलीत काटेचमच्यांचा आवाज, माणसं हळू बोलणारी, आणि हा आमच्याकडचा माणूस परक्या लग्नात उभा राहावा तसा उभा. मला उठून जवळ जाणं झालं नाही. एवढी माणसं होती.

जेवणात मासवडी आली, ती छान होती. नाचणीची भाकरी चार तुकडे करून, फडक्यात गुंडाळून टोपलीत. मग एका मोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध चमचाभर हिरवं काहीतरी. वाढणारा मुलगा म्हणाला, "खास रानभाजी, मावशी. डोंगरातली." आत्यानं चव घेतली.

"कुर्डू हाय. आमी सकाळीच खाऊन आलो. एवढीच का रं? गुरांनी खाल्ली का बाकीची?"

तो मुलगा हसला आणि आतून वाडगाभर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच जेवणघरात गेलो, माणसं यायच्या आत. पण मुंबईचे चारपाच पाहुणे आधीच कॉफी पीत बसलेले. मी परत फिरले. आत्यानं माझा दंड धरला.

"कुठं चाललीस? खांब काय तुज्या मागं यायचा न्हाई."

मी खांबापाशी गेले. आधी हात लावायचं धाडस होईना. मग लावला. गार होता, पण दगडासारखा गार नाही, झोपलेल्या गुराच्या पाठीसारखा. मी कमरेच्या उंचीवर वीत टाकली. एक. करंगळीपाशी अंगठा आणला, पुन्हा करंगळी पुढे. दोन. आत्या डोळा बारीक करून माझ्या बोटांवर वाकलेली. तीन, चार. एक बाई कप ठेवून बघायला लागली. पाच. मला मागे खांबाआड जावं लागलं, तिकडे बरं वाटलं. सहा. आणि सात, जिथून सुरू केलं तिथं करंगळी बरोबर येऊन टेकली.

मॅनेजर साहेब आले. "मावशी, काही हरवलं का?"

आत्या म्हणाली, "हरवलं व्हतं. घावलं."

ती मुंबईची बाई उठून आली, मला विचारायला लागली, ही तुमची पूजा आहे का? मी नुसती मान हलवली. तिनंही खांबाला मिठी मारली आणि नवऱ्याला फोटो काढायला लावला.

मी खोलीपर्यंत कशी आले मला आठवत नाही. सात. आजेसासरे खरं बोलत होते. मालक दरवर्षी भांडत होते ते खरं होतं. सासू उगाच बाहेर बसली, मी उगाच बाहेर बसले, आणि आता आत जाणार होतो. आत्या म्हणाली, "सातच. म्या सांगीन गावात. तुजी वीत सरळ व्हती."

तुळजालेणी

मग आम्ही लेणी बघायला गेलो. हॉटेलातून रोज सकाळी पाहुण्यांना नेतात. वाट डोंगरातून, ओल्या गवतातून, तेरड्याची फुलं दोन्ही बाजूंना. आत्या सगळ्यांच्या पुढे. शहरातली माणसं मागे धापा टाकत होती.

तिथं एक गोल लेणं आहे. तसं मी कुठं बघितलं नाही. आत शिरलं की बारा खांब, रिंगण करून उभे, आणि मधे दगडाचा गोल स्तूप. वर घुमट. डोंगर पोखरून केलेलं, एकसुद्धा दगड बाहेरून आणलेला नाही. बाहेर पावसाची भुरभुर होती, आत गार आणि मुकं. मला वाटलं मी राईतच आहे. तीच संध्याकाळ, तसेच बुंधे, फक्त पानं कुणीतरी झाडून नेलेली. मी रिंगणाच्या आत उभी राहिले. कोणी काही म्हणालं नाही. मी बराच वेळ उभी राहिले.

माहिती सांगणारा मुलगा म्हणाला, इथं पूर्वी बौद्ध भिक्षू राहायचे. व्यापारी, माळी, सोनार, अशी साधी माणसंही त्यांना दान द्यायची. जुन्नरच्या लेण्यांमध्ये ते दगडात लिहिलेलं आहे, कुणी शेत दिलं, कुणी पाण्याचं टाकं, कुणी झाडं.

आत्यानं विचारलं, "अन कुणी काय नेलं, ते लिवलंय का?"

सगळे हसले. तो मुलगा म्हणाला, "ते कोण लिहितंय, आजी?"

मीही हसले. त्या वेळेला मला हसता आलं.

दुपार

जेवून आलो तर पाऊस जोराचा लागला. आत्या घोंगड्यावर कपाटाकडच्या भिंतीकडे तोंड करून झोपली. मी पलंगावर पडले. खिडकीतून हिरवा उजेड येत होता, ओल्या डोंगराचा, आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती. मला झोप लागली की नाही माहीत नाही. राईतली झाडं एकामागून एक घाट उतरून चालली होती, डोक्यावर इरली घेऊन, बायका लावणीला जातात तशी. सगळ्यात शेवटी दोन झाडं होती, हात धरून.

टकटक झाली. मंगल एका म्हाताऱ्या सुताराला घेऊन आली होती. रज्जाकभाई त्यांचं नाव, कोठीचं लाकूडकाम तेच बघतात. पावसानं खिडकीची फळी फुगून लागत नव्हती. त्यांनी रंधा मारला, फळी बसवली, आणि जाताना कपाटाशेजारच्या त्या पुढे आलेल्या भिंतीवर थाप मारली. आवाज भिंतीचा आला नाही.

"ह्याला बी तेल पाजाया पायजे," ते म्हणाले. "चुन्यात गुदमरलाय बिचारा."

मंगल म्हणाली, "ही भिंत हाय ना, चाचा?"

"भिंत कसली. ह्यो दुसरा खांब. जेवणघरातला अन ह्यो, जोडी हाय. खोल्या केल्या तवा भिंत ह्याच्यावरनं घातली, वरनं चुना फासला. माझे अब्बा सांगायचे, दोन्ही बुंधे एकाच दिवशी आले, आहुप्याच्या डोंगरातनं. बैलाच्या बारा जोड्या लागल्या."

ते गेले. मंगल तशीच उभी राहिली. "आये, म्या पाच वर्सं ह्याच्यावरची धूळ पुसतीय."

मी पिशवी बाजूला केली. हात लावला. चुन्याखाली तेच, झोपलेल्या गुराची पाठ. एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत वीत टाकली. साडेतीन भरल्या. अर्धा खोलीत, अर्धा भिंतीत. साडेतीन आणि साडेतीन.

मंगलनं आत्याकडे बघितलं. आत्या घोरत होती. मंगल हळूच म्हणाली, "आये, गावाचा डोळा मिटलेला हाय. नेमानं ह्ये माप धरता येत न्हाई."

तिनं माझा हात हातात घेतला, बोटांना लागलेला चुना आपल्या कोटाला पुसला, आणि कामाला गेली. मी त्या फुगलेल्या भिंतीकडे बघत पडून राहिले. पाऊस थांबला, उजेड पिवळा झाला, मग गेला. दोन रात्री मी आमच्या झाडाला पिशवी टेकून झोपणार होते. त्यातली एक झोपेतच गेली होती. दुसरी जागून काढली.

सकाळी मंगल खोली आवरायला आली तेव्हा मी पलंग आवरून ठेवलेला होता, चादरीला सुरकुती नाही. ती म्हणाली, "मग म्या काय करू?" मी म्हटलं, बस. ती पहिल्यांदाच त्या पलंगावर बसली. आम्ही दोघी बसलो. टॉवेलाची पाखरं आम्ही तशीच ठेवून आलो.

परतीच्या गाडीत आत्यानं कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं. डिंभ्याच्या वळणाला पुन्हा जागी झाली आणि पाणी संपेपर्यंत काचेबाहेर बघत राहिली.

घरी

तिसऱ्या दिवशी देवळापुढे वाडी जमली. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे. आत्या उभी राहिली.

"जेवणघरातला खांब सात वितींचा. म्या डोळ्यानं बघितलं."

मग मालक उठले. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं, छाती भरून. ते म्हणाले, "माजी आई बाहीर बसून मेली." एवढंच म्हणाले. जुनी माणसं खाली बघायला लागली. धावजीबुवा म्हणाले, "चुकलं असंल गावाचं. यंदा तुमची चूल आत."

सगळं झालं होतं. मी फक्त बसून राहायचं होतं, आणि बसून राहणं मला चांगलं येतं. पण मला ते गोल लेणं आठवत होतं. त्या रिंगणात मी उभी राहिले तेव्हा मला कसं हलकं वाटलं होतं. आमच्या रिंगणात आता तसं वाटणार नव्हतं. चूल आत असली तरी मी बाहेरच बसणार होते, आणि ते मला एकटीलाच माहीत असणार होतं.

मी म्हटलं, "खांब दोन हायेत."

कोणाला ऐकू गेलं नाही. शेजारच्या बाईनं फक्त वळून बघितलं. आत्या पुढून म्हणाली, "सोने, मोठ्यानं बोल."

मी उठून उभी राहिले. सांगितलं. भिंत, चुना, सुतार, साडेतीन विती. आत्या तेव्हा घोरत होती, तेसुद्धा सांगितलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल लिहीत नाही.

मग ते म्हणाले, "दुसऱ्या खांबाला गावाचा डोळा व्हता का? नेम म्हंजे नेम. हात घरचा, डोळा गावाचा. डोळा न्हवता तर माप न्हाई."

दोघातिघांनी माना डोलावल्या. नेम तसाच आहे.

"डोळा व्हता," आत्या म्हणाली. "म्या काय झोपले न्हवते. साडेतीन विती, खिडकीकडनं कपाटाकडं. तिनं एकदा टाकल्या."

"तू तर घोरत व्हतीस म्हणं," धावजीबुवा म्हणाले.

"घोराया डोळं कशाला लागत्यात?"

वाडी हसली. मालक हसले नाहीत. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "सात अन सात चौदा. म्हंजे म्हातारी माणसं खरं बोलत व्हती."

धावजीबुवांनी सांगितलं, देव व्याज घेत नाही, पण सात मण पुरे होईपर्यंत चूल आहे तिथंच. भाताऐवजी आजच्या भावानं पैसे दिले तरी चालतील, देवळावर नवे पत्रे घालायचे आहेत.

घरी येताना मी आत्याला गाठलं. "आत्या, तुमाला ठाव व्हतं, तर आधी का बोलला न्हाई?"

"तू बोलली नसतीस, तर म्याबी बोलले नसते," ती म्हणाली. "माजं काय, आज हाय, उद्या न्हाई. चूल तुमची." आणि काठी टेकत पुढे गेली.

मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी माळ्यावरून हिरड्याची पोती काढून झटकत बसलेले दिसले. हिरडा विकूनच आमच्या हातात रोख पैसा येतो, पण त्याच्या हंगामाला अजून पुष्कळ अवकाश होता. मी जवळ गेले तर म्हणाले, "ह्याला उंदरांनी भोकं पाडल्यात. दाभण आण." मी दाभण आणलं. त्यांनी शिवलं, मी पोतं धरलं. मंगल म्हणाली होती, माझ्या पगारातून एकदम भरते. ते म्हणाले, "झाड पोरीनं तोडलं न्हाई."

दोन हंगाम आम्ही हिरडा झोडला, वेचला, वाळवला आणि घोडेगावला घातला. पहिल्या हंगामानंतरच्या मार्गशीर्षात चार मणांचे पैसे दिले आणि बाहेरच्या चुलीवर जेवण केलं. आत्या रिंगणातून ताट घेऊन आमच्याकडे येऊन बसली. म्हणाली, तिकडं धूर लई हाय.

यंदाच्या मार्गशीर्षात तीन मणांचे उरले होते. सकाळी राईत गेलो. सवयीनं मी बाहेरच्या जागी चुलीचे तीन दगड मांडले, मग माझ्या लक्षात आलं आणि पुन्हा उचलले. आत न्यायचे तर अजून पैसे दिलेले नव्हते. म्हणून ते तिन्ही दगड पोटाशी धरून मी रिंगणाच्या कडेला उभी राहिले. झाडांखाली नेहमीची संध्याकाळ होती. मालकांनी फडक्यातून नोटा काढून देवापुढे ठेवल्या. धावजीबुवांनी त्या एकदा मोजल्या, बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजल्या, आणि शेंदराच्या बोटानं धोंड्यावर बारावी, तेरावी, चौदावी रेघ ओढून म्हणाले, "चौदा मण पुरं. फिटलं."